सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी : गिअरपेटीची घरच्या घरी पारख व निगा



आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ घरांतली मुले नोकरी-धंद्यासाठी मुंबई-ठाण्याकडे आहेत. कोणी ठाण्यात, कोणी विरारला, तर कोणी मीरा-भाईंदरच्या हद्दीत मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या काशीगावात. तिकडे चार-सहा वर्षे वापरलेली ऑटोमॅटिक मोटार गावी वडिलांसाठी पाठवायची, किंवा तिकडूनच सेकंडहँड गाडी स्वस्तात घेऊन यायची, असे हल्ली घडते. वडिलांचा डावा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही, सूनबाईंनाही चालवायला सोपी पडते. विचार चांगलाच आहे.

अडचण पुढे येते. गाडी गावात आली, चार महिने बरी चालली आणि एके दिवशी झटके देऊ लागली. गावचा मिस्त्री म्हणतो, "ही आपल्याला जमत नाही." शहरातला म्हणतो, "पेटीच बदला." आकडा ऐकून माणूस मटकन खाली बसतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने सांभाळायचा, तेव्हा कुठे बिल हाती येते. त्यातला मोठा घास अशा पेटीत घालण्याआधी बिघाड खरोखर पेटीत आहे की तेलात, बॅटरीत वा एखाद्या साध्या स्विचमध्ये आहे, हे आपले आपल्याला थोडेफार कळले पाहिजे. माती तपासल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये, हे आपण नेहमी सांगतो. येथेही न्याय तोच. या पाठात पेटी खोलायला शिकवायचे नाही. न खोलता काय काय कळते आणि घरी कोणती निगा राखता येते, एवढेच पाहायचे आहे.

१. ऑटोमॅटिक म्हणजे नेमके कोणते?

क्लचचे पायडल नाही, म्हणजे गाडी ऑटोमॅटिक. पण आत चार निरनिराळ्या जातींपैकी एक पेटी असते, आणि जात ओळखल्याशिवाय हात लावणे म्हणजे जमिनीची प्रत न बघता बेणे लावण्यासारखे आहे.

(अ) टॉर्क कन्व्हर्टरची पेटी. ही जुनी, मुरलेली जात. इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेलाने भरलेला डबा असतो. त्यात समोरासमोर दोन पाती-चक्रे. विहिरीवरच्या पंपाचा इंपेलर पाणी फेकतो तसे इंजिनाकडचे चक्र तेल फेकते, आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे चक्र फिरते. मध्ये तिसरे लहान चक्र परतणारे तेल योग्य दिशेला वळवते, त्यामुळे गाडी उचलताना जोर वाढतो. जर्मनीतील हर्मान फॉटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी या कल्पनेचे पेटंट घेतले. या पेटीत गिअर बदलण्याचे कामही तेलाच्या दाबानेच होते. म्हणून येथे तेल हे वंगणही आहे आणि काम करणारा गडीही आहे.

(आ) सीव्हीटी. हिच्यात ठराविक गिअर नसतात. दोन पुल्ली आणि त्यांवर पोलादी पट्टा. पुल्लीची रुंदी कमी-जास्त होऊन वेग बदलतो. गाडी अगदी मऊ चालते, मात्र तेलाच्या बाबतीत ही पेटी फार हळवी असते.

(इ) दोन क्लचची पेटी, म्हणजे डीसीटी. एक क्लच एकी गिअरांचा, दुसरा बेकी गिअरांचा. काहींत क्लच कोरडे असतात, काहींत तेलात बुडालेले. कोरड्या क्लचची पेटी तुंबलेल्या रहदारीत लवकर तापते.

(ई) एएमटी. ही आपली साधीच हाताच्या गिअरची पेटी आणि साधीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचे व गिअर टाकायचे काम माणसाऐवजी यंत्र करते. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून ही जात स्वस्त गाड्यांत पसरली. आज गावाकडे येणाऱ्या लहान ऑटोमॅटिक गाड्यांत हिचे प्रमाण मोठे आहे.

ओळखायचे कसे? दांड्याजवळची अक्षरे बघावीत. 'पी' म्हणजे पार्किंगची खूण नसेल आणि आर, एन, डी व एम एवढेच असेल, तर बहुतेक ती एएमटी. सपाटीवर ब्रेक सोडल्याबरोबर गाडी मऊपणे सरकू लागली आणि गिअर बदललेला जेमतेम कळला, तर बहुतेक कन्व्हर्टर. इंजिनाचा आवाज चढतो पण गिअर बदलल्याचा टप्पाच जाणवत नाही, तर सीव्हीटी. तरी खात्रीसाठी गाडीबरोबर आलेली चालक-पुस्तिका पाहावी. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल व साल सांगून अधिकृत विक्रेत्याकडून माहिती घ्यावी. नुसत्या अंदाजावर तेल मात्र घेऊ नये.

२. मुंबईकडची गाडी : काय पाहून घ्यावे

गाडी कोठे चालली, यावर पेटीचे आयुष्य पुष्कळ ठरते. समजा, आपल्या एका सभासदांच्या चिरंजीवांनी काशीगावात एक गाडी पाहून ठेवली आहे. तिचे फिरलेले किलोमीटर कमी दिसतात म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. घोडबंदर रस्ता, वर्सोवा खाडीपूल, दहिसरचा नाका, या वाटेवरची रहदारी ज्याने अनुभवली त्याला कळेल. गाडी दहा पावले चालते, थांबते, पुन्हा दहा पावले. किलोमीटर थोडे पडतात. पण क्लच शेकडो वेळा लागतो-सुटतो आणि तेल तापतच राहते. ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रेलरसह चढावर हाफ क्लचवर धरून ठेवला तर प्लेटचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. एएमटी आणि कोरड्या क्लचची डीसीटी घेताना हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट पाणी. मुंबईच्या बाजूला दर पावसाळ्यात सखल भागात पाणी साचते. पाण्यात बुडून निघालेली गाडी धुऊन-पुसून विक्रीला येऊ शकते. गालिचा उचलून खाली चिखलाचा थर किंवा कुबट वास आहे का, सीटच्या पट्ट्यांवर खालच्या टोकाला पाण्याची रेघ आहे का, आसनाखालचे बोल्ट गंजले आहेत का, हे बघावे.

तिसरी गोष्ट खारी हवा. मीरा-भाईंदर म्हणजे एका अंगाला वसईची खाडी, दुसरीकडे समुद्र, आणि भाईंदरची मिठागरे तर प्रसिद्धच. तेथे वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा पेटीखालचा पत्र्याचा तबक आणि तेल थंड करणाऱ्या नळ्या गंजण्याचा संभव असतो. खालून बत्ती मारून पाहावे. वरवरचा तांबूस थर चालेल. पापुद्रे सुटत असतील किंवा नळीवर तेलाचा ओलावा असेल तर भावात घासाघीस करावी, नाही तर गाडी सोडावी.

सर्व्हिसिंगची नोंद मागावी. पेटीचे तेल केव्हा व कोणते बदलले, याची पावती असेल तर दोन पैसे जास्त देण्यास हरकत नाही.

३. तपासणीआधी जिवाची काळजी

हे कलम वगळून पुढे जाऊ नये.

• गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये. सपाट, टणक जागा, चाकांना दगड वा लाकडी ठोकळे, आणि वजन पेलणारे लोखंडी स्टँड. नांगरलेल्या रानात किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात जॅक खचतो.
• इंजिन चालू असताना दांडा हलवून बघायचा तर ब्रेकवर पाय घट्ट, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे नको. पोरेबाळे लांब.
• बंदिस्त गोठ्यात वा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धूर जीवघेणा असतो.
• गरम तेल हातावर पडले तर कातडी सोलून निघते. हातमोजे घालावेत.

४. आधी बॅटरी, मग पेटी

ऑटोमॅटिक पेटीचा मेंदू विजेवर चालतो. बॅटरी मरगळली की तो गोंधळतो, गिअर अडतात, दिवे लागतात, आणि दोष मात्र पेटीवर येतो. एएमटीत तर हे फारच. साध्या मीटरने बघावे. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट असावेत. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. सेल मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली. टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवावी आणि वायरी घट्ट कराव्यात.

त्याचबरोबर मागचे ब्रेकचे दिवे बघावेत. पायडलवरचा स्विच खराब झाला की 'ब्रेक दाबला' हे पेटीला कळतच नाही. मग दांडा 'पी'तून हलत नाही, किंवा एएमटी गिअर घेत नाही. स्विच स्वस्तात मिळतो. केवळ यासाठी गाडी टोचन करून शहरात नेण्याचे कारण नाही.

५. तेल बोलते

कन्व्हर्टरच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत पेटीच्या तेलाची स्वतंत्र पट्टी असते. इंजिन ऑइलची पट्टी वेगळी, ही वेगळी. सर्वसाधारण रीत अशी : गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावी, सपाटीवर उभी करावी, ब्रेक दाबून दांडा प्रत्येक खुणेवर क्षणभर नेऊन परत 'पी'त आणावा, आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी पुसून तेल मोजावे. होंडाच्या काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच, मिनिट-दीड मिनिटाच्या आत मोजतात. म्हणून आपल्या पुस्तिकेत काय लिहिले तेच खरे. अलीकडच्या अनेक पेट्यांत पट्टीच नसते. तेथे ठराविक तापमानाला बाजूचा बूच काढून पातळी बघतात. ते काम स्कॅनर असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

पट्टीवरचे तेल पांढऱ्या कागदावर टिपून उजेडात बघावे. नवे तेल बहुधा लाल असते (काही कंपन्यांचे, विशेषतः सीव्हीटीचे, निराळ्या रंगाचेही असते).

• लाल व पारदर्शक : चांगले.
• तपकिरी, पण वास ठीक : जुने झाले, बदलण्याची वेळ आली.
• काळसर आणि करपट वास : काकवी कढईला लागली की जसा वास सुटतो तसा हा वास कळतो. आतल्या क्लचच्या पट्ट्या जळत आहेत.
• फिक्कट गुलाबी, ताकात रंग कालवल्यासारखे : तेलात पाणी शिरले. गाडी बुडालेली असेल, किंवा रेडिएटरमधली तेल थंड करणारी नळी फुटून कूलंट आत गेले असेल. अशी गाडी चालवूच नये.
• बोटांत चमचमणारी कस : धातू झिजतो आहे.

पातळी कमी असेल तर तेल कोठे तरी गळते आहे, कारण इंजिनासारखे हे तेल जळून कमी होत नाही. भर घालण्याआधी गळती शोधावी. पातळी जास्त असणेही वाईट. फिरत्या भागांनी तेल घुसळले जाऊन फेस होतो आणि दाब पडतो.

६. उभ्या जागी आणि रस्त्यावर

पहिली परीक्षा : गाडी सकाळी थंड असताना करावी. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम पेटी दोष लपवते.

ब्रेक दाबून 'एन'वरून 'डी'त न्यावे आणि मनात मोजावे. साधारण सेकंदभरात गाडीने हलकीशी ओढ घेतली पाहिजे. 'आर'ला किंचित जास्त वेळ लागला तरी चालेल. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धाडकन झटका, हे लक्षण वाईट. एएमटीत मात्र ओढ ब्रेक सोडल्यावरच येते, म्हणून तिला हा नियम लावू नये.

काही मिस्त्री ब्रेक दाबून, 'डी'त टाकून पूर्ण एक्सलरेटर देतात आणि इंजिनाचे फेरे बघतात. कारखान्यांच्या पुस्तकांत ही परीक्षा आहे, पण तिची मर्यादा पाच सेकंदांची. तेवढ्यात तेल भयंकर तापते, आणि ब्रेक कमी पडला तर गाडी समोरच्यावर जाते. घरी ती करू नये.

दुसरी परीक्षा : सपाट रस्त्यावर हलक्या पायाने वेग वाढवावा. गिअर क्रमाने पडतात का? फेऱ्यांचा काटा उडी मारतो पण वेग वाढत नाही, असे होते का? ते घसरणे. ५०-७० च्या वेगाला पाय स्थिर असताना सगळी गाडी थरथरते का? काशीगावातून महामार्गावर पहाटे रहदारी नसताना ही परीक्षा चांगली होते.

तिसरी परीक्षा : चढ. तिकडून गावी येताना बोरघाट लागतो आणि साताऱ्याकडे यायचे तर खंबाटकी. पण परीक्षा घाटात करू नये. गाडी घेण्याआधी एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर करावी. चढावर थांबून निघताना गाडी मागे येते का, थरथरते का, जळका वास येतो का, ते बघावे.

एएमटीसाठी खास परीक्षा : दांडा 'एम'मध्ये घेऊन ४० च्या सुमारास चौथा गिअर ठेवावा आणि एक्सलरेटर हळूहळू दाबावा. इंजिन गुरगुरले आणि गाडी सावकाश ओढू लागली तर ठीक. फेरे चढले व वेग तेवढाच राहिला, तर क्लच प्लेट संपत आली.

शेवटी स्कॅनर. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली जोडणी असते. साध्या स्कॅनरने साठलेले दोष-क्रमांक वाचता येतात. पी ०७०० म्हणजे पेटीच्या मेंदूने दोष नोंदवला आहे, तपशील वेगळा बघा. पी ०२१८ म्हणजे पेटी तापली होती. पी ०७३० म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही, बहुधा घसरते आहे. पी ०७४० चा संबंध कन्व्हर्टरमधल्या क्लचशी. विक्रेत्याने तुमच्यासमोर क्रमांक पुसून टाकले असतील तर गाडी पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा वाचावेत. क्रमांक म्हणजे रोगाचे नाव नव्हे. डॉक्टरांना सांगायचे लक्षण एवढाच त्याचा अर्थ.

७. लक्षण आणि संशय : कापून ठेवावे असे टिपण

• सकाळी 'डी' उशिरा लागते, नंतर ठीक : तेल कमी, जाळी तुंबलेली, किंवा आतली रबरी सिले कडक झालेली. आधी तेलाची पातळी बघा.
• 'डी' वा 'आर' टाकताना धक्का : इंजिनाचे रबरी माउंटिंग फाटले आहे का, आणि उभ्या जागी इंजिनाचे फेरे जास्त आहेत का, हे आधी बघा. दोन्ही पेटीबाहेरची कामे आहेत.
• ५०-७० ला थरथर (कन्व्हर्टर) : बरेचदा योग्य नवे तेल घातल्यावर कमी होते. प्लग-कॉइल खराब असतानाही असाच भास होतो, म्हणून इंजिन आधी तपासा.
• गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, दिवा लागला : मेंदूने पेटी वाचवण्यासाठी हात आखडता घेतला आहे. बॅटरी, वायरींची जोडणी, दोष-क्रमांक बघा. गाडी ताणू नका.
• उभ्या गाडीतही फेऱ्यांबरोबर वाढणारा रडका आवाज : तेल कमी किंवा पंप-जाळी. वेगाबरोबर वाढणारा आवाज : बेअरिंग.
• हळू चालताना थरथर (एएमटी, डीसीटी) : क्लचची झीज किंवा स्कॅनरने करायची जुळवणी बाकी.
• पुढे जाते, मागे जात नाही : घरचे काम नव्हे. जाणकाराकडे न्या.

८. घरी तेल बदलणे

हे कलम पट्टी किंवा भरण्याचा सोपा बूच असलेल्या कन्व्हर्टरच्या पेटीपुरते आहे. सीव्हीटी व डीसीटीचे तेल वर्कशॉपमधूनच बदलावे.

किती किलोमीटरला? पुस्तिकेत लिहिलेले पाळावे. 'आयुष्यभराचे तेल' असे कोणी सांगितले तरी मुंबईच्या रहदारीत चाललेल्या गाडीचे तेल ४०-६० हजारांना बदलणे शहाणपणाचे. कोणते? पुस्तिकेत नाव असेल तेच. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या पेटीला एसपी-३, नंतरच्या सहा गिअरच्या पेटीला एसपी-४; होंडाला डीडब्ल्यू-१; टोयोटाच्या पुष्कळ पेट्यांना डब्ल्यूएस. रंग सारखा म्हणून तेल सारखे नसते.

(१) सर्वांत आधी भरण्याचा बूच वा पट्टीची जागा उघडते का, ते बघावे. भरायची वाट मोकळी झाल्याशिवाय तेल सोडू नये. नाही तर गाडी रिकामी होऊन जागीच बसते.
(२) गाडी थोडी कोमट करून इंजिन बंद करावे. सपाटीवर स्टँडवर घ्यावी.
(३) खालचा बूच काढून तेल मापाच्या भांड्यात सोडावे. किती निघाले ते लिहून ठेवावे.
(४) तबक उतरत असेल तर उतरवावा. आतल्या लोहचुंबकावर करडा, लोण्यासारखा लेप असणे स्वाभाविक आहे. तो पुसावा. धातूचे कण-तुकडे निघाले तर मात्र पेटीची झीज पुढे गेली, हे समजावे.
(५) जाळी नवी, पॅकिंग नवे, बुचाला नवा वायसर. बोल्ट पुस्तिकेतील मापाने आवळावेत. पान्याला पाइप लावून आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.
(६) जेवढे निघाले तेवढेच भरावे. इंजिन सुरू करून ब्रेकवर पाय ठेवून दांडा सर्व खुणांवरून फिरवावा, गळती बघावी, आणि गरम झाल्यावर पातळी पुन्हा मोजावी.

एका वेळी सगळे तेल निघत नाही. बरेचसे कन्व्हर्टरच्या डब्यात राहते. समजा पेटीत ७ लिटर आहे आणि निघाले साडेतीन. म्हणजे पहिल्या वेळी ५० टक्के तेल नवे झाले. पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा केले तर ७५ टक्के, तिसऱ्यांदा सुमारे ८७ टक्के. घाई नको. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या पेटीवर यंत्राने दाबाचे फ्लशिंग करून घेऊ नये. आतला गाळ सुटून बारीक वाटा बंद होऊ शकतात.

तेल जळके आणि गाडी घसरते आहे, अशी अवस्था असेल तर नुसत्या नव्या तेलाने ती बरी होईल, या भरवशावर राहू नये. वाळलेल्या उसाला पाणी दिल्याने तो हिरवा होत नाही.

निघालेले तेल ओढ्यात, पाटात किंवा बांधावर ओतू नये. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून, जुने तेल जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. विहिरीचे पाणी एकदा नासले की पेटीपेक्षा महाग पडते.

९. एएमटीची निगा

हिच्या पेटीत साधे गिअर ऑइल असते आणि ते बदलणे गावच्या मिस्त्रीलाही जमते. क्लच-गिअर चालवणारे यंत्र तेलाच्या दाबावर असेल तर त्याची छोटी टाकी बघून पातळी तपासावी. पण क्लच प्लेट बदलली की नव्या प्लेटची ओळख मेंदूला स्कॅनरने करून द्यावी लागते. ते न करता गाडी हातात दिली, तर ती झटके देणारच. म्हणून प्लेट टाकण्याआधीच विचारावे, "जुळवणीचा स्कॅनर आहे का?" नसेल तर थोडे लांब जावे, पण तेथेच काम करावे.

चढावर एक्सलरेटरने गाडी धरून ठेवू नये, ब्रेकने धरावी. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाला जास्त वेळ थांबायचे तर 'एन'मध्ये न्यावी. उभी करताना 'पी' नसते हे विसरू नये. पुस्तिकेप्रमाणे गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे आणि हँडब्रेक पक्का ओढावा. उताराच्या अंगणात तर चाकाला ठोकळाही लावावा. गाडी आपोआप घरंगळून माणूस सापडण्याचा धोका याच हलगर्जीत आहे.

१०. नेहमीच्या शंका

शंका : उतारावर 'एन'मध्ये सोडली तर तेल वाचते का?
उत्तर : नाही. आजचे इंजिन गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंद करते. 'एन'मध्ये उलट ते चालू ठेवावे लागते. शिवाय इंजिनाचा आधार जाऊन सगळा भार ब्रेकवर येतो. घाट उतरताना खालचा गिअर किंवा 'एम' वापरावा.

शंका : ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल शिल्लक आहे, तेच घातले तर?
उत्तर : मुळीच नाही. सीव्हीटीत तर दुसऱ्या जातीचे ऑटोमॅटिक तेलही चालत नाही. पट्टा घसरून पुल्ली खराब होतात.

शंका : बंद पडली तर ढकलून सुरू होईल का? टोचन करावे का?
उत्तर : ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. ओढायची तर इंजिनाशी जोडलेली चाके रस्त्याला लागता कामा नयेत, कारण इंजिन बंद असताना पेटीतला तेलाचा पंपही बंद असतो. सपाट ट्रकवर चढवून नेणे सर्वांत बरे.

शंका : 'पी'त टाकली की हँडब्रेक कशाला?
उत्तर : 'पी'त आत एक लहान खुंटी चाक अडवते. सगळी गाडी तिच्यावर टेकवू नये. आधी हँडब्रेक, मग 'पी'.

सारांश

क्रम ध्यानात ठेवावा. आधी पेटीची जात, मग बॅटरी आणि ब्रेकचा स्विच, मग तेलाची पातळी-रंग-वास, मग थंड गाडी चालवून परीक्षा, मग स्कॅनर. इतके झाल्यावरच पेटी खोलायची भाषा. मिस्त्रीकडे जाताना वरील निरीक्षणे कागदावर तारीख व किलोमीटरसह लिहून न्यावीत. "सकाळी थंड असताना 'डी' तीन सेकंदांनी लागते, तेल तपकिरी, बॅटरी १२.५" असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला उगाच पेटी बदलायला सांगणे सोपे जात नाही. आणि पेटी खरोखरच गेली असेल, तर तेही दुसऱ्या जाणकाराकडून खात्री करून, लेखी अंदाजपत्रक घेऊनच मान्य करावे. मुलांनी काशीगावहून गाडी पाठवण्याआधी हा अंक त्यांच्याकडे पोचता करावा, म्हणजे तपासणी गाडी निघण्यापूर्वीच होईल.